पालथं पडायला शिकताना

“आई, पाय टेकवू नकोस!”

पाणी जेमतेम छातीएवढं होतं. एवढ्या पाण्यात भीती वाटली की माणूस उभा राहतो, त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही. माझेही गुडघे दुमडून पाय खाली निघाले होते. पण माझ्या खाली त्या क्षणी वाळू नव्हती, जिवंत प्रवाळ होतं. लेकीनं झेप घेऊन माझ्या काखेत हात घातला, मला तशीच आडवी धरली आणि ओढत वाळूच्या पट्ट्यावर आणलं. तिथे मी उभी राहिले, मास्क कपाळावर सरकवला आणि बराच वेळ खोकत राहिले.

“दमलीस तर उताणी हो. घाबरलीस तर माझा हात धर. पण खाली प्रवाळ असलं की उभं राहायचं नाही. काही झालं तरी नाही.”

स्वतःच्या पायावर उभी राहा, हे वाक्य मी तिला ती शाळेत असल्यापासून ऐकवत आले आहे. आणि आता ती मला नेमकं उलटं शिकवत होती, न चिडता, आणि तिचं बरोबर होतं.

उष्ण समुद्रातलं ते एक लहानसं प्रवाळबेट. पायी निघालं तर पाऊण तासात फेरी पुरी व्हायची. मध्ये झाडी, भोवती पांढरी वाळू, तिच्यापुढे लगूनचं उथळ, हिरवट निळं पाणी आणि त्या पाण्याला बांध घातल्यासारखी प्रवाळभित्ती. भित्तीच्या पलीकडे समुद्र एकदम काळानिळा होतो. आम्ही तिथे आठ दिवस होतो. लेक काही वर्षांपासून डायव्हिंग करते. मला पोहता येतं, पण ते तलावाच्या काठाकाठानं शिकलेलं पोहणं. हाताशी भिंत असते हे मनात पक्कं धरून केलेलं.

त्या घाबरण्यानंतर पहिले दोन दिवस आम्ही पुन्हा प्रवाळाकडे गेलो नाही. गुडघाभर पाण्यात, स्वच्छ वाळूवर, मी फक्त पालथं पडायचा सराव करत होते. आपण हा शब्द बाळांसाठी राखून ठेवलेला आहे. माझी लेक चौथ्या महिन्यात पहिल्यांदा पालथी पडली तेव्हाचं मला नीट आठवतं. एक हात अंगाखाली अडकलेला, मान डुगडुगत वर उचललेली, चेहऱ्यावर आता रडू की नको असा प्रश्न. मग तिला समोरची फरशी दिसली, फरशीवरचं ऊन दिसलं, आणि ती रडायचं विसरली. तोवर तिला फक्त छत आणि आमचे चेहरे ठाऊक होते. जग पुढेही पसरलेलं असतं हे पालथं पडल्यावर कळतं.

आता मी पाण्यात तोंड घालून पडले होते आणि तिचा हात माझ्या पोटाखाली होता. त्या आधाराचा दाब ती हळूहळू कमी करत होती. केव्हा काढून घेतला ते मला कळलं नाही.

अवघड असतो तो श्वास. तोंडात धरलेल्या स्नॉर्कलच्या नळीतून हवा येते आहे, हे डोक्याला समजतं, छातीला पटत नाही. चेहऱ्याला पाणी लागलं की श्वास रोखायचा, ही शरीराची जुनी सवय, आणि ती मोडून तोंडानं सावकाश हवा ओढायची. मी सुरुवातीला धापा टाकत होते. वरवरचा भराभर श्वास घेतला की नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत जाते, मग गुदमरल्यासारखं वाटतं आणि श्वास आणखी भराभर होतो. या चक्रातून बाहेर यायचा मार्ग एकच, लांब उच्छ्वास. “सोड, सोड, अजून सोड,” लेक वरून सांगायची. सगळा सोडला की पुढचा श्वास आपसूक खोल येतो.

नळी एवढीशी का, लांब नळी घेऊन खाली का जाता येत नाही, असं मी तिला विचारलं होतं. नळी कितीही लांब केली तरी छाती पाण्याखालीच असते. एक मीटर खाली गेलं तरी पाण्याचा छातीवरचा दाब इतका वाढतो की फासळ्यांच्या स्नायूंना वरची हवा आत ओढणं जवळपास अशक्य होतं. म्हणून डायव्हर दाबाखालची हवा पाठीवर बांधून नेतात. फ्रान्समधल्या कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये तसं उपकरण तयार केलं. आमच्या नळीचं राज्य मात्र पाण्याच्या सालीपुरतं. मला ते पुरेसं वाटलं. खरं सांगायचं तर मला तेच आवडलं. पाठीला ऊन लागत असतं, वाऱ्याचा आवाज नळीतून आत येतो, आणि चेहरा मात्र दुसऱ्या जगात.

मास्कचं कामही मी आधी चुकीचं समजत होते. पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो, असं वाटायचं. डोळा पाण्याला टेकला की बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते आणि सगळं धूसर दिसतं. डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा ठेवला की दृष्टी परत येते. मास्क म्हणजे तो कप्पा. अंदमान समुद्राच्या काठी राहणाऱ्या मोकेन लोकांची मुलं मात्र मास्कशिवाय पाण्याखाली स्पष्ट पाहतात. स्वीडनच्या आना गिस्लेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं कारण दिलं आहे: ही मुलं पाण्यात शिरताच बाहुल्या अगदी बारीक करतात. पुढे सरावानं स्वीडिश मुलांनाही ते जमलं. म्हणजे पाहणंही शिकता येतं. हे वाचलं होतं तेव्हा मी ते मुलांपुरतं धरून चालले होते.

आणि एक नियम होता. पाण्यात हसायचं नाही. गाल वर उचलले गेले, नाकाच्या बाजूची वळी पडली, की मास्कची कड सुटते आणि पाणी आत शिरतं.

तिसऱ्या दिवशी, एका अनुभवी नावाड्याबरोबर, आम्ही वाळू सोडली.

सगळ्यात आधी आवाज आला. समुद्राखाली शांतता असते ही माझी समजूत पहिल्या मिनिटात गेली. सगळीकडून बारीक तडतड चालू होती, वाळक्या काटक्यांना दूर कुठे आग लागावी तशी. ही तडतड करणारी असते बोटाएवढी कोळंबी. तिची एक नांगी मोठी असते. ती नांगी इतक्या वेगानं मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना हा आवाज येतो. अशा हजारो नांग्या एकाच वेळी. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या नौदलांना या आवाजानं हैराण केलं होतं. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो, त्यामुळे तो दोन्ही कानांना जवळपास एकदमच गाठतो आणि दिशा लागत नाही. तडतड डावीकडून येते आहे की खालून, काही सांगता येत नाही. ती कवटीच्या आतच चालली आहे असं वाटतं.

पहिले एक-दोन फेरे मी हावरटासारखी पाहत होते. हा निळा, तो पिवळा, ते काळे पट्टे, ती लांब नाकाची जोडी. एक पाहते न पाहते तोवर दुसऱ्याकडे मान. वर आल्यावर लेकीनं विचारलं, काय पाहिलंस? मला रंगांपलीकडे काही सांगता येईना. एवढं पाहूनही हाताशी काही लागलं नव्हतं. तेव्हा तिनं सुचवलं, की तू एकच जागा घे. रोज तिथेच जा.

मी घुमट निवडला.

चार-पाच मीटर पाण्यात, वाळूतून वर आलेला तो एक प्रवाळाचा गोल डोंगर होता. पुरुषभर उंचीचा, कडेनं थोडा झिजलेला, रंग मातकट पिवळा. पहिल्या फेऱ्यांत मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं, दगडच वाटला होता. पोराइटिस जातीचं प्रवाळ. असे गोल घुमट वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि त्यांच्या आत झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वर्तुळं असतात. त्या हिशोबानं हा दीडशे-दोनशे वर्षांचा असावा. वाफेवर चालणाऱ्या बोटी नव्या होत्या त्या काळात तो वाळूवर तळहाताएवढा असेल.

जवळून पाहिलं की त्याचं अंग साबुदाण्यापेक्षाही बारीक खळ्यांनी भरलेलं दिसतं. त्या प्रत्येक खळीत एक प्राणी राहतो. पॉलिप. मऊ पिशवीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती हातांचं कडं. दिवसा तो बहुधा मिटलेला असतो, रात्री हात बाहेर काढून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. पण त्याचं मुख्य पोट भरतं ते दुसऱ्याच मार्गानं. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा त्याला देतात. काही प्रवाळांना लागणारी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूंकडून येते. घुमटाचा तो मातकट पिवळा रंगही त्यांचाच. पॉलिपचं स्वतःचं शरीर जवळपास पारदर्शक असतं, आणि त्याखाली त्यानं समुद्रातून चुना गोळा करून बांधलेलं पांढरंशुभ्र घर.

प्रवाळ ही वनस्पती आहे असंच युरोपातले विद्वान फार काळ धरून चालले होते. ते प्राणी आहेत असं अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्यानं स्वतः समुद्राकाठी निरीक्षणं करून लिहिलं, तेव्हा पॅरिसच्या अकादमीत त्याचं म्हणणं कुणी उचलून धरलं नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. त्यानं काही मोठं उपकरण वापरलं नव्हतं. तो पुष्कळ वेळ पाहत राहिला होता, एवढंच.

पॉलिपच्या जन्माची गोष्ट मी घुमटावर तरंगतानाच नीट समजून घेतली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांच्या लक्षात आलं, की वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, अनेक जातींची प्रवाळं एकदमच आपली बीजं पाण्यात सोडतात. त्यातून होणारी अळी टाचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहूनही लहान. ती काही दिवस, कधी काही आठवडे, पाण्यात पोहते. मग तिला जागा शोधायची असते. मऊ वाळू चालत नाही, टणक हवं, त्यावर ठरावीक लालसर शैवालाचा थर असला तर उत्तम. जागा पसंत पडली की ती तिथे टेकते, चिकटते आणि पुन्हा कधीही हलत नाही. सगळ्या आयुष्यात एकदाच टेकायचं. पुढचं सगळं त्याच जागेवर, चुना रचत, स्वतःच्या प्रती काढत.

मग माझ्या लेकीचं ते पहिल्या दिवशीचं ओरडणं मला पुन्हा ऐकू आलं. मला तिथे पाय टेकवायला मनाई होती. ज्यांना टेकायचं होतं त्यांची जागा होती ती.

घुमटावर माझी वेळ ठरून गेली. सकाळी, पाणी स्थिर असताना. हात पाठीमागे बांधून, पाय जवळजवळ न हलवता. दहा मिनिटं तसं राहिलं की मासे तुम्हाला मोजायचं सोडून देतात आणि त्यांची कामं पुढे सुरू होतात. घुमटाच्या माथ्यावर पेचदार रंगीत झिरमिळ्या होत्या, निळी, केशरी, पांढरी. त्या म्हणजे प्रवाळात राहणाऱ्या किड्यांचे कल्ले. सावली पडली की सगळ्या एकदम आत. मी श्वास मोजत थांबायचे. बारा-पंधरा श्वासांनंतर एखादी हळूच उलगडायची. एका बाजूला वीतभर जागेत शैवालाची हिरवट लव होती आणि एक काळपट लहान मासा तिची राखण करायचा. ती त्याची बाग. दुसऱ्या कुणाला चरू देत नाही, आणि माझ्या मास्कवरही तो दोनदा धावून आला. माझ्या तळव्याएवढा जीव, पण मी मागे सरले.

सगळ्यात जास्त वेळ मी घुमटाच्या उजव्या खांद्यापाशी घालवला. तिथे सफाईचं ठाणं होतं. बोटभर लांब, निळसर अंगावर काळा पट्टा असलेले दोन मासे. मोठे मासे तिथे येत, थांबत, तोंड वर किंवा खाली करून, पंख पसरून, कल्ल्यांची झाकणं उघडून. आणि हे दोघं त्यांच्या अंगावर, कल्ल्यांत, चक्क जबड्यातही शिरून परजीवी टिपत. असा एक मासा दिवसात हजारावर परजीवी खातो. ज्याच्या तोंडात शिरायचं तो सहज गिळू शकेल एवढा मोठा, पण गिळत नाही. कधीकधी सफाईवाला लबाडी करतो, परजीवी सोडून गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चविष्ट बुळबुळीत थर कुरतडतो. मग गिऱ्हाईक दचकतं, निघून जातं. तेव्हा हा त्याच्या मागे जाऊन पाठीवर पंखांनी हलकेच घासतो, समजूत काढावी तसं. मी हे एकदा पाहिलं आणि लेकीला हातवारे करून दाखवत सुटले.

या माशाला आरशात स्वतःला ओळखता येतं, असं जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. त्याच्या गळ्याखाली ठिपका लावून समोर आरसा ठेवला, तर तो ठिपका घासून काढायचा प्रयत्न करत होता. याचा अर्थ नेमका काय घ्यायचा यावर वाद झाले. मला मात्र तो मासा गिऱ्हाइकांकडे कसा पाहतो ते पाहून नवल वाटलं नाही. तो पाहतो. त्याच्या पाहण्यात निवड असते.

पाचव्या दिवशी माझ्याकडून एक फांदी मोडली.

घुमटाकडे जाताना शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाचं एक रान लागायचं, त्यात चिमुकल्या हिरव्या माशांचे थवे असत. ओहोटी होती, पाणी रोजच्यापेक्षा कमी. मी वळताना पाय जरा जोरात मारला आणि पायात घातलेल्या फिनच्या टोकाला काहीतरी लागलं. आवाज झाला नाही. मागे वळून पाहिलं तर करंगळीएवढी एक फांदी हळूहळू, गोल फिरत, वाळूकडे चालली होती. तिचं टोक फिकट जांभळं होतं. मोडलेली बाजू अगदी पांढरी.

मी लेकीकडे पाहिलं. तिनं पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, पाण्यात बोलता येत नाही, पण वर आल्यावरही बोलली नाही. नावाडी खाली गेला, त्यानं ती फांदी उचलली आणि जवळच्या एका खडकाच्या कपारीत, न हलेल अशी, दाबून बसवली. वाळूत पडलेला तुकडा लाटांनी लोळत राहतो आणि बहुधा मरतो. टणक आधार मिळाला तर तो पुन्हा चिकटून वाढूही शकतो. फांद्यांची प्रवाळं भराभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वाढणाऱ्याही जाती आहेत. हे सगळं लेकीनं मला संध्याकाळी समजावून सांगितलं, कारण माझं तोंड उतरलेलं होतं. मी ऐकून घेतलं. तरी झोपताना ती गोल फिरत खाली जाणारी करंगळी डोळ्यांपुढून हलली नाही. कुणी पाहत नसलेल्या ठिकाणी आपल्यामागे काय मोडतं ते आपल्याला कळतही नाही. त्या दिवशी केवळ योगायोगानं मी मागे वळले होते.

वाळूचं कोडं मला पोपटमाशानं उलगडून दाखवलं. हिरवा, निळा, गुलाबी, अंगावर एकही रंग ठेवायचा राहिलेला नाही असा. दात एकत्र जुळून झालेली चोच. तो घुमटावर चोच मारायचा तेव्हा मला पाण्यातून स्पष्ट ‘करक’ ऐकू यायचं आणि मागे दोन पांढऱ्या रेघा उरायच्या. त्याला हवं असतं ते दगडावरचं आणि दगडातलं शैवाल आणि सूक्ष्म जीव. चुना तोंडात येतो तो घशातल्या दातांच्या जात्यात दळला जातो आणि मागून बाहेर पडतो, पांढऱ्या ढगासारखा. तो ढग सावकाश खाली बसताना मी पाहिला. तीच वाळू. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. मालदीवमधल्या एका बेटाभोवती झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्यानं तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक पोपटमाशांची निघाली.

म्हणजे पहिल्या दिवशी घाबरून मी ज्या पट्ट्यावर येऊन उभी राहिले, तो पट्टा. ज्यावर आम्ही संध्याकाळी बसत होतो, तो किनारा. झाडं ज्यात उभी होती, ती जमीन. सगळी कुणाच्या ना कुणाच्या अंगातून आलेली. बेटाभोवती प्रवाळ आहे असं मी तोवर म्हणत होते. बेटच प्रवाळाचं होतं, फक्त वरचा थोडा भाग पाण्याबाहेर आला होता.

डार्विननं हे फार आधी ओळखलं. ‘बीगल’ जहाजावरून एप्रिल १८३६ मध्ये तो हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला. त्याचा तर्क होता, की ज्वालामुखीचं बेट सावकाश खचत जातं आणि त्याच्या काठानं वाढणारं प्रवाळ प्रकाशापाशी राहण्यासाठी वर वर बांधत जातं. शेवटी डोंगर बुडतो आणि उरतं ते प्रवाळाचं कंकण. हा तर्क त्यानं खरी प्रवाळभित्ती पाहण्याआधीच, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना केला होता. १८४२ मध्ये पुस्तक निघालं. पुरावा मिळायला शंभरावर वर्षं लागली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर भोक पाडत नेलं, तेव्हा बाराशे मीटरहून अधिक जाडीचा प्रवाळी चुनखडक ओलांडल्यावर खाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला. बाराशे मीटर. एकदाच टेकणाऱ्या, खसखशीएवढ्या जीवांनी, खचणाऱ्या जमिनीशी बरोबरी करत रचलेले.

सहाव्या दिवशी मी नावाड्याला बेटाच्या दुसऱ्या बाजूला नेण्याविषयी विचारलं. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, चला.

तिथे पाण्यात शिरले आणि आधी मला कळेना काय चुकतं आहे. पाणी तेच, ऊन तेच. मग जाणवलं, तडतड मंदावली होती. खाली फांद्यांचं रान होतं, आमच्या बाजूला होतं तसंच, त्याच आकाराचं. पण सगळं राखी-तपकिरी. फांद्यांवर शैवालाची मळकट लव, काही ठिकाणी सगळं कोसळून नुसता चुरा. मासे होते, तुरळक. मी त्या रानावरून किती वेळ तरंगत गेले कोण जाणे, ते संपेचना.

समुद्राचं पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अवघा एक अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पॉलिप आणि शैवालं यांचं बिनसतं. पॉलिप त्यांना बाहेर टाकतो. मग त्या पारदर्शक अंगातून खालचं घर दिसू लागतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हेच विरंजन. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. ते उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर शैवालं परततात, नाही झालं तर ते मरतं आणि त्यावर लव चढते. १९९८ मध्ये हे पहिल्यांदा जगभर झालं आणि जगातली सुमारे १६ टक्के प्रवाळं गेली असा अंदाज निघाला. मग २०१०. मग २०१४ ते २०१७. आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत चाललं आहे, आणि वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्याला सावरायला वेळ लागतो. मी त्या पाण्यात आले होते ती विमानानं, पुष्कळ इंधन जाळून. अंगाला सनस्क्रीन न लावता लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, कारण काही सनस्क्रीनमधली द्रव्यं प्रवाळाला घातक ठरू शकतात आणि हवाईसारख्या ठिकाणी त्यांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. ते मी पाळलं याचं मला समाधान होतं. त्या राखी रानावर ते समाधान टिकलं नाही.

नावाड्यानं मला हाक मारून खाली बोट दाखवलं. एका मेलेल्या फांदीच्या बुंध्यावर, लव नसलेल्या जागी, नखाएवढी एक चकती होती. कडा फिकट, मध्ये तपकिरी, तिच्यावर मोजता येतील एवढ्या खळ्या. गेल्या एक-दोन वर्षांत कुणीतरी येऊन तिथे टेकलं होतं. नावाड्यानं पाण्यात दोन बोटं वर केली आणि आणखी एक दाखवली. मग आम्ही दोघं तेच शोधत राहिलो. अर्ध्या तासात अकरा सापडल्या.

लेकीनं त्या रात्री मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. ग्रेट बॅरियर रीफच्या लिझर्ड बेटाजवळ, मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांवर संशोधकांनी पाण्याखाली ध्वनिक्षेपक लावले आणि निरोगी भित्तीचा आवाज ऐकवला. तीच तडतड. उघड्या समुद्रातून जागा शोधत येणारे लहान मासे आवाजाच्या रोखानं येतात, ते तिथे आले. नुसत्या ढिगांपेक्षा दुप्पट मासे जमले आणि राहिले. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मासे आले म्हणून प्रवाळ परत येतं असं नाही, तिनं लगेच बजावलं, पण लव चरणारे मासे असले तर टेकायला जागा मोकळी होते. आम्ही अंधारात वाळूवर बसलो होतो. समोर पाणी अगदी गप्प दिसत होतं, आणि मला आता ठाऊक होतं की ते गप्प नाही.

आठव्या दिवशी सकाळी शेवटचं घुमटावर गेले. लेक जवळच होती, पण जरा बाजूला, मला माझी जागा देऊन. जाताना कपारीतली फांदी पाहिली. जागेवर होती, टोक अजून जांभळं. पुढचं मला पाहायला मिळणार नाही.

घुमटावर येऊन हात मागे घेतले. झिरमिळ्या आत गेल्या, बाहेर आल्या. काळपट मासा आपल्या बागेभोवती फिरला, पण या वेळी माझ्यावर आला नाही. उजव्या खांद्यावर एक मोठा मासा तोंड वर करून थांबला होता, तो आटपला आणि निघून गेला. ठाण्यावर कुणी नव्हतं. मी एक खोल श्वास घेतला, नावाड्यानं शिकवलं होतं तशी कमरेत वाकून खाली गेले आणि त्या जागेसमोर क्षणभर थांबले.

सफाईवाला पुढे आला. आधी हनुवटीपाशी, मग गालापाशी. मग माझ्या मास्कच्या काचेसमोर येऊन तो अगदी स्थिर राहिला, एक डोळा माझ्याकडे करून, किंवा काचेत दिसणाऱ्या कुणाकडे तरी करून. अंग थोडं वर, थोडं खाली. माझ्याकडे जेवढी हवा होती तेवढा वेळ तो तिथेच होता.

मला हसू आलं, आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.